चाबुकस्वारांची दुपारची पागा

आमचे घरमालक माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. लग्न होऊन मी साताऱ्याहून ग्वाल्हेरला आले, टांग्यातून उतरून कंपू मोहल्ल्याजवळच्या त्या घराच्या पायरीवर पाऊल ठेवलं, तेव्हा दारात वाकड्या पायांचे, पांढऱ्या गलमिश्यांचे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्या पावलांवर नजर रोखली आणि माझ्या सासूबाईंना सांगितलं, "डावं पाऊल थोडं आत पडतंय. पण चाल साफ आहे. ठेवून घ्या." नव्या नवरीला ऐकवायची ही काय तऱ्हा? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी मात्र ते पुढं महिनाभर आल्यागेल्याला कौतुकानं सांगितलं. चाबुकस्वारांनी सुनेची चाल पसंत केली म्हणजे त्यांच्या लेखी पत्रिका जुळल्यासारखंच होतं.

चाबुकस्वार म्हणजे घोड्यांच्या कोवळ्या शिंगरांना चाल शिकवणारा माणूस. आमच्या घरमालकांची उभी हयात दरबारच्या पागेत त्यातच गेली होती. मोटारी आल्या, पागा आटली, त्यांना पेन्शन मिळालं आणि ते घरी बसले. घरी बसले म्हणजे नुसतं म्हणायचं. तो माणूस बसलेला मी फारसा पाहिला नाही. आणि नाव चाबुकस्वार असलं तरी त्यांच्या हातात चाबूकही मी कधी पाहिला नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "चाबूक असतो घोड्याच्या मालकाला दाखवायला. जनावराला त्याची काय जरूरत?"

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला तिथली दुपार सांगून कळायची नाही. चैत्र सरला की लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटते. अकराच्या सुमाराला दारं-खिडक्या बंद होतात, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं जातं आणि पाच वाजेपर्यंत गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. मोठी माणसं झोपतात. पण दीड-दोन वर्षांचं पोर झोपत नाही. अंगात चालण्याची नवी खुमखुमी आणि समोर बंद दार. ते रडतं, डबे उपडे करतं, आईच्या झिंज्या ओढतं. गल्लीतल्या झाडून सगळ्या आयांच्या दुपारी अशाच जात. म्हणून मग बारा वाजता डोक्यावर पदर घेऊन, पोर काखोटीला मारून, भिंतीच्या सावलीनं त्या आमच्या मालकांच्या घरी येत.

आमचं बिऱ्हाड माडीवर, आणि त्यांच्याकडे खाली एक लांबलचक खोली होती. पिवळसर दगडाची गार फर्शी, दोन्ही टोकांना दारं आणि सामान म्हणावं तर काही नाही. बारा वाजले की मालक स्वयंपाकघरात शिरत आणि परात, धान्य मापायच्या पायल्या, पाट, पातेलं, कांद्याच्या दोन टोपल्या असं हाताला लागेल ते घेऊन बाहेर येत. मागून त्यांच्या बायकोचा आवाज येई, "अहो, माझी परात कुठं चालली?"

"ड्यूटीवर," ते म्हणत.

मग पागा भरे. लोड एकापुढं एक मांडले की डोंगर झाला. तो पोरांनी चढायचा आणि पलीकडं घरंगळायचं. दोन खाटांवर चादर टाकली की भुयार. जुनं धोतर पीळ देऊन आडवं टाकलं की नदी, ती पाय भिजू न देता ओलांडायची. एक पायली उपडी, एक सुलटी, एकीवर चढायचं, दुसरीत उतरायचं. चिंध्यांचे चेंडू लांबून तांब्याच्या पातेल्यात टाकायचे. चेंडू आत पडला की आवाज होत नसे, म्हणून ते स्वतः पातेल्यावर पळी वाजवत, आणि पोरं त्या आवाजासाठी पुन्हा धावत. पण सगळ्यात मोठा कारभार कांद्यांचा. लू लागू नये म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कांद्यांची रास असे. खोलीच्या ह्या टोकाच्या टोपलीतला एक कांदा उचलायचा, त्या टोकाच्या टोपलीत नेऊन टाकायचा आणि परत यायचं. एवढंच. त्यात सहा-सात पोरं दोन-दोन तास गर्क असत. टोपली रिकामी झाली की मालक गंभीरपणे म्हणत, "हुकूम बदलला. माल परत पाठवायचा आहे." की सगळी फौज उलट्या दिशेनं निघे.

पोरांना नावं असतात हे त्यांना मान्य नव्हतं. ते घोड्यांच्या रंगांनी हाक मारत. काळ्यासावळ्याला मुश्की, तांबूस केसांच्याला कुमाईत, अंगावर डाग असलेल्याला अबलख. आयांना पहिल्यांदा राग येई, मग सवय होई, आणि पुढं पुढं तर बाजारातसुद्धा त्या एकमेकींना, "तुझा अबलख कसा आहे गं?" असं विचारू लागल्या. प्रवेशाचा नियम एकच. पोर बसतं झालेलं हवं आणि बोलतं झालेलं नको. सलग वाक्य बोलायला लागलेल्या पोराला ते त्याच दिवशी रजा देत. "हा आता चुगल्या करणार," असं म्हणून त्याच्या आईच्या हवाली करत. आया रुसत. मला वाटतं, त्यांनाच वाईट वाटे, म्हणून ते निरोप असा झटपट उरकत.

नियम आयांनाही होते. पोर पडलं तर कुणी "अगं बाई" म्हणायचं नाही. मोठ्यानं श्वाससुद्धा ओढायचा नाही. "फर्शी आपलीच आहे, कुठं जाते ती? पडू द्या," ते म्हणत. पोर पडे, इकडंतिकडं बघे, सगळ्यांची तोंडं दगडासारखी दिसत, मग रडायचं कशाला असं त्यालाच वाटे आणि ते उठे. आम्ही बायका ओठ घट्ट मिटून बसत असू. एवढ्या बायका एका खोलीत आणि चकार शब्द नाही, हे दृश्य ग्वाल्हेरच्या अख्ख्या लश्कर भागात दुसरीकडं कुठंही दिसलं नसतं.

एकदा एक बडे सरदार त्यांच्याकडे भरदुपारी आले. नवं जनावर घ्यायचं होतं, पायाबद्दल सल्ला हवा होता. कांद्यांची वाहतूक ऐन रंगात होती. मालकांनी मुजरा केला, खुर्ची दिली आणि अदबीनं म्हणाले, "सरकार, जरा पाय वर घ्या. हा पूल आहे." सरदारसाहेबांनी पाय वर घेतले. त्यांच्या खुर्चीखालून एकामागून एक पाच पोरं कांदे घेऊन रांगत गेली. पाचवं बाहेर पडेपर्यंत ते तसेच अधांतरी पाय धरून बसले होते. मग त्यांना इतकं हसू आलं की घोड्याचं बोलणं राहूनच गेलं.

चुका त्यांच्याही होत, आणि झाल्या की भारी होत. एके वर्षी सासूबाईंनी पाच शेर गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. धुळीचं वादळ उठलं म्हणून त्या गच्चीवरून खाली आणल्या आणि खाटेवर पसरून वर लुगडं झाकून ठेवल्या. मालकांनी ती खाट सरळ पागेत ओढली. आदल्या दिवशी खाट म्हणजे किल्ला होती, पोरांना पाठ होतं. ते म्हणाले, "चढा." चौघं चढली. पायाखाली कुर्रकन वाजलं. आयुष्यात इतका सुंदर आवाज पोरांनी ऐकलाच नव्हता. मालकांना उलगडा होईपर्यंत पाच शेर कुरडयांचा चुरा झाला होता. ते स्वतः जिना चढून वर आले आणि सासूबाईंपुढं ताठ उभे राहिले. "बाईसाहेब, गलती माझी. पोरांनी हुकूम पाळला." सासूबाईंनी त्यांना असं काही सुनावलं की ऐकणाऱ्यानं कानांवर हात ठेवावेत. पुन्हा गहू भिजवले, आणि चौथ्या दिवशी ते वाटल्यापासून चीक शिजेपर्यंत ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबले, आणि मग गच्चीवर बसून सगळा सोऱ्या त्यांनी एकट्यानं दाबला. त्यांच्या कुरडया गोल होईनात. सगळ्या लांबट झाल्या. सासूबाईंनी त्या वर्षभर तळल्या आणि दर वेळी नाव ठेवून खाल्ल्या.

आता छबूचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा माणूस सांगून होत नाही.

छबू माझी पहिली मुलगी. अकराव्या महिन्यात ती धरून धरून उभी राहायला लागली होती, आणि तेवढ्यात तिला मुदतीचा ताप आला. सासूबाईंनी तापाचे एकवीस दिवस तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही, आणि बाविसाव्या दिवशी ठेवायचं त्या विसरल्या. त्यांना दोष देऊन कसं चालेल? माझ्या यजमानांच्या पाठची दोन मुलं त्यांनी तापातच घालवली होती. छबू जगली ती आपण सोडली नाही म्हणून, असं त्यांच्या मनानं घेतलं. कडेवर छबू, मांडीवर छबू, पूजेला बसल्या तरी शेजारी छबू. खाली ठेवली की ती दोन्ही हात वर करी आणि सासूबाई उचलत. वीस महिन्यांची झाली तरी पाऊल टाकेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, हाडं ठीक आहेत, जमिनीवर सोडा म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला काय कळतंय? पोरीला मुडदूस झालाय."

त्यांच्या माहेरी मुडदूस झालेल्या पोरांच्या गुडघ्यांवर तापल्या सळईचा डाग देत. तो दिला की पोर चालतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. इथं ग्वाल्हेरात डाग देणारं त्यांच्या माहितीतलं कोण? तर आमचे मालक. लंगड्या घोड्यांच्या पायांना डाग देण्यात त्यांचा हात हलका, अशी त्यांची ख्याती होती. मी यजमानांना म्हटलं, काही तरी बोला. ते म्हणाले, "आईला मी काय सांगणार?" आणि कचेरीत गेले. त्यांच्यावरचा माझा तेव्हाचा राग अजून पुरता गेलेला नाही.

सासूबाई छबूला कडेवर घेऊन खाली गेल्या. मी मागोमाग गेले आणि दाराआड उभी राहिले. मालक कांदे निवडत होते.

"चाबुकस्वार," सासूबाई म्हणाल्या, "घोड्यांना देता तसा डाग माझ्या नातीला द्यायचा."

मालकांनी छबूच्या लोंबत्या पावलांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस ह्यांना बाहेर काढील. ते म्हणाले, "देतो."

मी चौकट घट्ट धरली.

"पण पागेच्या रिवाजानं," ते पुढं म्हणाले. "डागण्याआधी जनावर चाळीस दिवस कामात ठेवावं लागतं, त्याशिवाय डाग लागत नाही. आणि ज्याच्या हातून ते दाणा खातं तो माणूस रोज हजर पाहिजे."

"ती माझ्याच हातून खाते," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

"मग तुम्ही येत जा. पण तिला उचलायचं नाही."

संध्याकाळी विहिरीपाशी मी मालकांना गाठलं. "काका, तुम्ही खरंच डागणार?"

"सूनबाई, मी पन्नास घोडे डागले असतील," ते म्हणाले. "डागलेलं जनावर तीन महिने कामाला लावत नाहीत. त्या आरामानं पाय सुधारतो. डागानं नाही. हे मला नोकरी संपता संपता समजलं." त्यांनी पोहरा विहिरीत सोडला. "मी नाही म्हटलं असतं, तर त्या दुसरा कोणी शोधून राहिल्या असत्या."

"आणि हा चाळीस दिवसांचा रिवाज?"

"आजच काढला."

"चाळीस दिवसांत नाही चालली तर?"

त्यांनी माझ्या पावलांकडे बघितलं. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले. नेहमी हुकमी बोलणारा माणूस, पण हे जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून छबू पागेत दाखल झाली. आजारानं तिचे हातपाय आणि कपाळ पांढरंफटक पडलं होतं. ते बघून मालक म्हणाले, "वा! पंचकल्याणी आहे." चार पाय आणि कपाळ पांढरं असलेला घोडा तो पंचकल्याणी, तो फार शुभ मानतात. ज्या पांढऱ्या रंगाकडे मला बघवत नसे, त्याला ह्या माणसानं लक्षण ठरवलं. त्या एका शब्दासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

सासूबाई स्वतःचा पाट घेऊन येत आणि कुणाचा स्पर्श नको म्हणून दाराशी बसत, हातात जपमाळ घेऊन. पहिले आठ दिवस छबू ठेवली तिथं बसून राहिली. मालकांनी तिला बोटही लावलं नाही. नुसता एक कांदा तिच्यापासून वीतभर लांब ठेवत. ती सासूबाईंकडे बघे, हात वर करी, रडे. सासूबाई माळ इतक्या जोरात ओढत की मणी तुटतील असं वाटे. नवव्या दिवशी छबूनं कांदा घेतला. मग तो हातभर लांब गेला, मग खोलीच्या मध्यावर. ती रांगायला लागली. मुश्की आणि अबलख भुयारात शिरताना दिसले की मागं मागं जाऊ लागली. एकदा ती भुयाराच्या मध्यात अडकून रडायला लागली आणि मालक सासूबाईंना म्हणाले, "बाईसाहेब, पलीकडून तोंड दाखवा." पलीकडून तोंड दाखवायचं म्हणजे फर्शीवर ओणवं व्हायला हवं. सासूबाई, जन्मात कधी कुणापुढं न वाकलेल्या, हातांवर आणि गुडघ्यांवर टेकल्या आणि चादरीखाली डोकं घालून म्हणाल्या, "ये गं माझी बाय." आम्ही सगळ्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. त्या दिवशी त्यांचा पाट कुणी तरी पळवला, त्यावर पायली ठेवून पोरं तो ढकलत होती, आणि त्यांनी तो परत मागितला नाही.

तिसाव्या दिवसाच्या सुमारास छबू लोड धरून उभी राहिली. पण लोड सोडेना. सोडावासा वाटला की ती आजीकडे बघे. आजीचे हात आपोआप पुढं होत. हात दिसले की छबू मटकन खाली बसे आणि आपले हात वर करी. दहा दिवस हेच. मी भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढत होते, त्या चाळीस व्हायला आल्या.

चाळिसाव्या दिवशी सासूबाई पेटती शेगडी घेऊन खाली आल्या. निखाऱ्यांत सळई खोचलेली होती. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि त्यांचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं की ह्या बाईलाही हे नको आहे. पण पोर जन्माचं अधू राहू नये म्हणून त्या काळजावर दगड ठेवायला निघाल्या होत्या. मालकांनी त्या दिवशी बाकीच्या पोरांना येऊ दिलं नव्हतं. खोलीत आम्ही तिघं आणि छबू.

"शेगडी बाहेर राहू द्या," ते म्हणाले. "एक काम बाकी आहे. तिला लोडाशी उभी करा."

सासूबाईंनी उभी केली.

"आता तुम्ही त्या दाराकडं जा. पाठ करून. शिंगराला ओढायचं नसतं बाईसाहेब, त्याच्यापुढून पाठ फिरवून निघायचं असतं. मी सांगेपर्यंत वळायचं नाही. वळलात तर मी डागणार नाही, आणि दुसरं काही पण करणार नाही."

सासूबाई निघाल्या. छबूनं हाक मारली. पाठ पाहिली आणि तिनं भोकाड पसरलं. वर्षभरात ती पाठ तिला कधी दिसलीच नव्हती. सासूबाईंचे खांदे हलले, पण त्या चालत राहिल्या. दाराशी पोचल्या आणि लाकडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागं पोर आक्रोश करत होतं. मी पुढं झाले, तर मालकांनी हात आडवा धरला.

मग रडणं एकाएकी थांबलं.

छबूनं लोड सोडला होता. ती फर्शीच्या मध्ये एकटी उभी होती, कशाला न धरता. एक पाऊल पडलं. मग दुसरं, तिसरं. ती बसली. आता रांगेल असं वाटलं, पण ती हात टेकून उठली. पुन्हा दोन पावलं. हे सगळं मला दिसत होतं. सासूबाईंना काहीच दिसत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच कळत होतं की रडता रडता पोर गप्प झालं आहे. दोन मुलं घालवलेल्या बाईला तशा शांततेचा काय अर्थ वाटला असेल, ते मी नंतर स्वतःच्या मुलांच्या आजारपणात समजले. तरी त्या वळल्या नाहीत. दाराची कडी दोन्ही हातांनी धरून त्या उभ्या होत्या.

छबूनं त्यांच्या लुगड्याचा काष्टा मुठीत धरला आणि त्यांच्या पायाला गाल टेकवला.

"चाबुकस्वार," सासूबाई दाराकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "आता वळू का?"

मालकांनी मला 'तुम्ही सांगा' अशी खूण केली आणि माझ्याकडे बघितलं, पायांकडे नव्हे, तोंडाकडे.

"वळा, आई," मी म्हणाले. सासूबाईंना मी आयुष्यात केलेला तो पहिला हुकूम.

त्या वळल्या. छबूनं सवयीनं दोन्ही हात वर केले. सासूबाईंचे हात पुढं झाले, तसेच थांबले, आणि तिला न उचलता त्या तिच्यासमोर फर्शीवर बसल्या.